मातीचे बैल आणि चित्रकलेचा तास

औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, जळगावच्या रस्त्याला लागले की शहर सुटता सुटता हर्सूल येते. तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी देवीचे मंदिर या तीन खुणांनी ओळखले जाणारे हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत विरघळले आहे. त्याच्यापुढे फुलंब्री, सिल्लोड आणि शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. भारतीय चित्रकलेचा कोणताही इतिहास या रस्त्याच्या टोकापासून सुरू होतो. पण त्या इतिहासात रस्त्यावरची गावे येत नाहीत. अजिंठ्याच्या वाटेवरच्या गावातील मुलाला चित्रकला शिकवावी काय, शिकवायची तर कोणी आणि कशासाठी, हा प्रश्न कलेतिहासकारांनी शिक्षणशास्त्रज्ञांकडे सोपवला आणि शिक्षणशास्त्रज्ञांनी तो वेळापत्रकातल्या एका तासाकडे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा महाराष्ट्रातील माग काढायचा आहे. तो माग हर्सूलहून अजिंठ्याला, तेथून शांतिनिकेतनमार्गे फैजपूर आणि सेवाग्रामला, आणि मग थेट डहाणू तालुक्यात जातो. वाट आडवळणाची आहे, पण इतिहास त्याच वाटेने गेलेला आहे.

आरंभ नकलेपासून करावा लागतो. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्या-हिवाळ्याला अजिंठ्यात येऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चालले आणि त्या प्रतिकृतींपैकीही शंभराहून अधिक लंडनमध्ये आगीतच नष्ट झाल्या. तिसरी फेरी लेडी हेरिंगहॅम यांची, १९०९ ते १९११ मधली. तिच्यात अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार, तसेच हैदराबादेतून आलेले सय्यद अहमद हे होते. या सगळ्या फेऱ्यांतून निघालेल्या ग्रंथांनी अजिंठा जगाला दिसला, यात शंका नाही. पण या साऱ्या उलाढालीत आसपासच्या गावांतील माणसे कोठे आहेत? एक नाव येते ते पारोचे, गिलच्या सहचारिणीचे. आणि तेही टिकले ते मुख्यतः लोकस्मृतीने आणि पुढे ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेने. महानोर पळसखेडचे, म्हणजे याच परिसरातले. साहित्याने जे केले ते कलाशिक्षणाला सुचले नाही. गुहेत विद्यार्थी होते, पण ते मुंबईहून आलेले होते.

ग्रिफिथ्स आणि त्यांचे सहकारी लॉकवुड किपलिंग हे दोघेही साउथ केन्सिंग्टनच्या पठडीतले. औद्योगिक इंग्लंडला सुबक वस्तू घडवणारे हात हवे होते, म्हणून तेथे रेषेची शिस्त, भौमितिक आकार, नमुन्यावरून अचूक नक्कल असा अभ्यासक्रम रचला गेला आणि तो जे. जे. मार्गे मुंबई इलाख्याच्या शाळांत उतरला. त्याचे वंशज म्हणजे आपल्या परिचयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. ‘कर्तव्यभूमिती’ हा शब्द ज्यांनी शाळेत ऐकला आहे त्यांना त्या परंपरेची चव ठाऊक आहे. या परीक्षांची टिंगल करण्याची एक पद्धत आहे. ती मला मान्य नाही. लहान गावांतून आलेल्या कितीतरी मुलांना कलामहाविद्यालयाचे दार याच परीक्षांनी उघडून दिले, आणि ज्या शाळेत चित्रकलेला कोणी विचारत नव्हते तेथे निदान एक शिक्षक, एक कपाट आणि एक तास त्यांच्यामुळे टिकला. परंतु त्यांच्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मूल कोऱ्या हाताने येते, आणि डोळा व हात यांना वळण लावणे हे शिक्षकाचे काम. ते मूल ज्या घरातून आले तेथे भिंत सारवली जाते, नागपंचमीला नाग रेखले जातात, पोळ्याला मातीचे बैल होतात, याची दखल घ्यायला त्या चौकटीत एकच फट आहे, ती म्हणजे स्मरणचित्राचा पेपर. ‘बाजाराचा दिवस’ किंवा ‘पोळा’ असा विषय येतो आणि गाव कागदावर उतरते. पण उतरते ते विषय म्हणून. बैल करणारा हात तेथेही बाहेरच राहतो.

हेरिंगहॅमबाईंबरोबर आलेले नंदलाल बोस अजिंठ्यातून वेगळे काही घेऊन गेले. नक्कल त्यांनीही केली. पण भिंतीवरचे चित्र हे एका माणसाचे नसून संघाचे असते, ते वास्तूचा आणि तेथे चालणाऱ्या जीवनाचा भाग असते, ही जाण त्यांच्या पुढच्या कामात स्पष्ट दिसते. १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल लवकरच त्याचे सूत्रधार बनले. तेथे विद्यार्थ्यांनी गुरूंबरोबर भिंती रंगवल्या, मातीच्या घरावर उठावशिल्पे केली, ऋतूंच्या उत्सवांसाठी मंडप सजवले. त्याहून महत्त्वाची, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की अल्पना शिकवण्यासाठी सुकुमारीदेवी या, कोणतीही पदवी नसलेल्या गृहस्थ स्त्रीला कलाभवनात स्थान देण्यात आले. व्रतवैकल्यांच्या निमित्ताने अंगणात आणि ओटीवर चालणारी बायकांची कला तिच्या जाणकार हातांसह विद्यापीठात आली. हात बाहेर ठेवून केवळ नक्षी आत घेण्याचा मार्ग खुला असताना तो नाकारला गेला. हा फरक पुढेही ध्यानात ठेवायला हवा.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. साने गुरुजी या अधिवेशनासाठी खेडोपाडी हिंडले होते हे मराठी वाचकाला ठाऊक असते. मात्र तेथल्या ‘टिळकनगर’च्या सजावटीची आणि कलाप्रदर्शनाची जबाबदारी गांधीजींनी नंदलालांवर टाकली होती, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. अट अशी की सामग्री गावात मिळेल तीच आणि हात शक्यतो गावचे. बांबू, गवत, चटया, माती यांतून ते नगर उभे राहिले. अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या उत्तरेला, केळीच्या बागांच्या मुलखात, पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी अजिंठ्यात नकला करून गेलेला चित्रकार परत आला, तो या वेळी गावकऱ्यांबरोबर काम करायला. दोन वर्षांनी हरिपुऱ्यात त्यांनी केलेली फलकचित्रे अधिक प्रसिद्ध झाली आणि कलेतिहासात फैजपूर त्यांच्या सावलीत गेले. ते साहजिक आहे. फलकचित्रे जपून ठेवता येतात, बांबूचे नगर अधिवेशन संपले की मोडले जाते. पण या इतिहासात मला फैजपूर अधिक मोलाचे वाटते. चित्रकाराने खेड्याचे चित्र काढणे आणि चित्रकाराने खेड्याकडून काम शिकणे या दोहोंतले अंतर तेथे प्रथमच इतक्या उघडपणे ओलांडले गेले.

पुढच्याच वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. ‘नई तालीम’ म्हटले की डोळ्यांसमोर तकली येते, आणि टीकाकारांच्या डोळ्यांसमोर तर फक्त तकलीच. प्रत्यक्षात त्या समितीच्या अभ्यासक्रमात मूलोद्योग, मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान यांच्या जोडीला चित्रकला आणि संगीतही होते. चित्रकलेची उद्दिष्टे वाचली तर त्यांत दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. आकार आणि रंग यांतला भेद टिपणारा डोळा घडवणे, आकारांची स्मृती वाढवणे, निसर्गातल्या आणि कलेतल्या सौंदर्याची जाण देणे हा एक. आणि जी वस्तू घडवायची तिचे कामापुरते रेखाटन करता येणे हा दुसरा. साउथ केन्सिंग्टन पूर्ण गेले नव्हते. पण त्या रेखाटनाचा धनी बदलला होता. कारखान्यासाठी नमुना काढणाऱ्या हाताऐवजी स्वतःची वस्तू स्वतः करणारे मूल तेथे अभिप्रेत होते.

सेवाग्रामला हे काम हिंदुस्तानी तालीमी संघाने चालवले. त्याची धुरा ज्यांच्याकडे होती ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले, आणि १९४४ साली कलाशिक्षक म्हणून आले ते देवीप्रसादही तेथलेच, नंदलालांचे विद्यार्थी. देहरादूनमध्ये १९२१ साली जन्मलेला हा तरुण कुंभकार-चित्रकार विदर्भाच्या त्या रखरखीत मातीत पुढली अठरा वर्षे राहिला. ‘नई तालीम’ मासिकाचे संपादन, भट्टी, चाक आणि मुलांचे चित्रवर्ग हा त्यांचा संसार. या अनुभवातून त्यांनी हिंदीत ‘शिक्षा का वाहन : कला’ हे पुस्तक लिहिले, नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ साली त्याची इंग्रजी आवृत्ती काढली.

देवीप्रसादांच्या विचाराचे सार सांगायचे तर ते असे की मुलाला चित्र ‘शिकवता’ येत नाही, त्याच्यासाठी परिस्थिती रचता येते. नमुना ठेवू नये, मुलाच्या चित्रावर मोठ्यांनी हात फिरवू नये, स्पर्धा लावू नये, बक्षीस देऊ नये. व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक हे १८९७ पासून काहीसे असेच सांगत होते, आणि हर्बर्ट रीडचे कलेद्वारा शिक्षणावरील पुस्तक १९४३ साली, म्हणजे देवीप्रसाद सेवाग्रामला पोचण्याच्या जेमतेम आधी, प्रसिद्ध झाले होते. तेव्हा हा विचार सेवाग्रामचा शोध होता असे म्हणण्याचे कारण नाही. सेवाग्रामचे वेगळेपण दुसरीकडे आहे. चिझेकच्या वर्गातले मूल शनिवार-रविवारी शहरातल्या एका मुक्त खोलीत येत असे आणि सोमवारी पुन्हा शाळेत जात असे. सेवाग्रामचे मूल ज्या सुताने शिकले त्याचे कापड होत होते, ज्या मातीत खेळले तिचे भांडे स्वयंपाकघरात जात होते, आणि सणाच्या दिवशी अंगण कोणी व कसे सजवायचे हा खऱ्या चर्चेचा विषय होता. ‘बालकला’ असे वेगळे बेट तेथे करता येण्यासारखे नव्हते. चित्र कोठे संपते आणि झाडलोट कोठे सुरू होते हे तेथे ठरवणे अवघड, आणि देवीप्रसादांच्या मते ते तसेच असायला हवे. तरीही त्यांनी चित्राला उद्योगाचे दास केले नाही. ‘उत्पादक श्रमा’च्या कर्मठ अर्थाने पाहणाऱ्या मंडळींना रंगात रमलेले मूल वेळ दवडते आहे असे वाटणे शक्य होते. कला ही शिक्षणाची शोभा नसून वाहन आहे, हे पुस्तकाच्या नावातच सांगण्याची गरज त्यांना का वाटली असावी, याचे उत्तर मला तेथे दिसते.

१९६२ साली देवीप्रसाद युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठी लंडनला गेले. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ ही संज्ञा रूढ केली आणि बुनियादी शाळा बघता बघता इतर शाळांसारख्या झाल्या. सेवाग्रामचे ‘आनंद निकेतन’ २००५ मध्ये पुन्हा सुरू झाले, हा अलीकडचा दिलासा.

या प्रयोगाचे गुणगान करताना एक अडचण टाळून चालणार नाही. मातीकाम, विणकाम, चामड्याचे काम हे भारतीय खेड्यात केवळ उद्योग नाहीत, त्या जाती आहेत. उच्चवर्णीय मुलाने चाकावर हात ठेवला की त्याला श्रमप्रतिष्ठेचा संस्कार म्हणायचे; पण कुंभाराच्या मुलाला शाळेत येऊन पुन्हा मातीच मिळाली तर त्याने ती कशी घ्यावी? ज्यांच्या आईबापांनी मुलाला अक्षर यावे म्हणून शाळेत घातले त्यांना उद्योगप्रधान शिक्षणात जुन्याच बेडीचा आवाज ऐकू आला, तर तो भ्रम म्हणता येत नाही. ‘शिका’ या आंबेडकरी आज्ञेचा रोख वहीकडे आणि कायद्याच्या पुस्तकाकडे होता, आणि त्याला इतिहासाचे भक्कम कारण होते. शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी उलट बाजूही मांडली आहे. ज्या जातींचे ज्ञान कधीच ‘ज्ञान’ मानले गेले नाही त्यांचे काम अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणणे हा वर्णव्यवस्थेवरचा आघातच होता, असे ते म्हणतात. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी आहेत, असे मला वाटते. कोणते म्हणणे केव्हा खरे ठरते हे यावर अवलंबून असते की वर्गात शिकवायला कोण उभे आहे. कुंभाराचे काम कुंभाराला शिक्षक मानून शिकवले तर तो आघात होतो. कुंभाराला वगळून शिकवले तर ती हौस होते.

सेवाग्रामला मुले संस्थेत येत होती. ती आलीच नाहीत तर काय करायचे, हा प्रश्न बोर्डीला पडला. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, नूतन बालशिक्षण संघ आणि दादरचे शिशुविहार उभारून १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला आल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची किमती साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, गोटे, पाने, माती, गवत यांतून साधने आली. याचे वर्णन बहुधा ‘कमी खर्चाची साधने’ असे केले जाते आणि ते अपुरे आहे. माँटेसरीचा लाकडी ठोकळा मुलाला जे शिकवतो ते शिंपलाही शिकवतो. पण शिंपला मुलाने स्वतः वेचून आणलेला असतो. साधन बाहेरून देण्याऐवजी मुलाने ते गोळा करायचे, निवडायचे, रंगाप्रमाणे लावायचे. येथे निवड हीच पहिली कलाकृती होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

खरा बदल मात्र साधनांचा नव्हता, जागेचा होता. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. त्यांना बोलावत राहण्याऐवजी ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत, घरांपुढच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा आला. १९७५ साली केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तो शब्द देशभर गेला. आज तो उच्चारताना पोषण आहार आणि नोंदवह्या आठवतात, अंगण आठवत नाही. अंगणात वर्ग भरला की आई, आजी, धाकटे भावंड आणि कोंबड्या हे सगळेच वर्गात असतात. सारवलेली जमीन ही पाटी असते आणि ती कशी सारवायची हे शिक्षिकेपेक्षा घरच्या बाईला चांगले येते. अस्पृश्यतेच्या संदर्भात हा निर्णय पाहिला म्हणजे त्याचे वजन कळते. शिक्षिकेने त्या अंगणात बसणे हेच तेथे पहिले शिक्षण होते, आणि ते मुलांपेक्षा गावाला होते.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मुलखात गेले. तेथे मुले गुरांमागे रानात असत, म्हणून शाळा कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हे त्या प्रयोगाचे नाव. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन साहित्याच्या विद्यार्थ्यांनी चरित्रात्मक वाङ्मय म्हणून वाचलेले असते. शिक्षणाचा दस्तऐवज म्हणूनही ते वाचावे, कारण पाड्यावरचा अविश्वास, भूक आणि सावकारी यांच्या मध्यात गाणे आणि रंग यांना कोणती जागा असते हे त्यात आडपडद्याशिवाय दिसते.

आणि याच डहाणू तालुक्यात वारली स्त्रिया लग्नघरी भिंतीवर चौक लिहीत होत्या. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, पालघट देवीभोवती, सवाशिणींनी काढायचे आणि धवलेरीच्या गाण्यांनी जागवायचे हे चित्र म्हणजे लग्नविधीचा भाग. मुली ते बघून, आधी किनारीची नक्षी भरत भरत शिकत. शब्द कोणताही वापरा, सहभागी कलाशिक्षणाचे याहून पूर्ण उदाहरण शोधून सापडणार नाही. एका चौकात अनेक हात, वयानुसार वाटलेले काम, गाण्यासह शिकवणी, आणि चित्र पुरे झाले की नाही याचा निवाडा करणारा समाज. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त कागद आणि रंग घेऊन येथे आले. ज्यांच्या हातात ही कला होती त्या स्त्रिया कागदाला बिचकल्या. पुढे आले ते गंजाडचे जिव्या सोमा मशे. १९७६ चा राष्ट्रीय सन्मान, २०११ ची पद्मश्री, परदेशांतील प्रदर्शने. २०१८ साली ते निवर्तले तेव्हा वारली चित्रकला जगभर पोचलेली होती. त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही. लग्नाच्या चौकातून शेती, मासेमारी, तारपा आणि मुंग्यांची वारुळे यांच्या मोकळ्या पटावर ही रेषा त्यांनी आणली आणि अनेक वारली कुटुंबांना उपजीविका मिळाली. परंतु भिंतीवरून कागदावर जाताना कलेचा कर्ताही बदलला. समूहातल्या स्त्रियांकडून ती एका पुरुष चित्रकाराकडे आणि पुढे प्रामुख्याने पुरुषांकडे गेली. आता अनेक स्त्रियाही कागदावर आणि कापडावर काढतात, हे खरे. पण चौक शिकवणारी सवाशीण शाळेत शिक्षिका म्हणून आली नाही. शांतिनिकेतनात सुकुमारीदेवींना जी जागा मिळाली ती महाराष्ट्राने धवलेरीला देऊ केली नाही.

वारली आकृती मात्र शाळेत आली, आणि कशी आली! दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर एक गोल, चार काड्या. मराठवाड्यातल्या आवारभिंतींवर, जेथे आठ जिल्ह्यांत एकही वारली पाडा नाही, तेथेही तारपा नाचतो आहे. यात कोणाचे नुकसान झाले असे कोणी विचारील. झाले आहे ते दोघांचे. वारलीचे, कारण तिची रेषा नमुना झाली, ग्रिफिथ्सच्या काळातल्या पानाफुलांच्या तक्त्यासारखी. आणि मराठवाड्यातल्या मुलाचे, कारण त्याला ‘लोककला’ म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी, दूरची, अशी शिकवण मिळाली. घरच्या भिंतीवर आजीने काढलेली जिवती किंवा नाग ही त्याला कला वाटेनाशी झाली.

मराठवाड्याचा इतिहास येथे वेगळा आहे, हे नमूद करायला हवे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. जे. जे. ची परंपरा आणि नूतन बालशिक्षण संघाची चळवळ या दोन्हींचे लोट मुंबई इलाख्यात फिरत असताना हर्सूल-फुलंब्रीच्या बाजूला साध्या प्राथमिक शाळाच विरळ होत्या आणि वरचे शिक्षण उर्दूतून होते. अजिंठ्याच्या जतनाकडे हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली मनापासून लक्ष दिले. इटालियन तज्ज्ञ आणले, उत्तम ग्रंथ काढले. चित्रे वाचली, चित्रकला शिकवण्याचा प्रश्न त्या खात्याचा नव्हता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच्या शाळांना तयार वेळापत्रक मिळाले. त्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास होता, सेवाग्राम नव्हते आणि बोर्डीही नव्हती. म्हणजे ग्रामीण कलाशिक्षणाचे जे दोन विचार महाराष्ट्रात प्रत्यक्ष आजमावले गेले त्यांचा या भागाशी संबंधच आला नाही. आली ती तिसरी, परीक्षेची परंपरा.

१९९० च्या दशकात ‘सहभाग’ हा शब्द आला. १९९४ मध्ये सुरू झालेला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम पहिल्या टप्प्यातच औरंगाबाद आणि मराठवाड्यातील आणखी काही जिल्ह्यांत राबवला गेला. शिक्षकांची प्रशिक्षणे, गाणी, टाकाऊतून टिकाऊ, बोलक्या भिंती. त्या काळात शाळांचे रूप उजळले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण सहभागाचा अर्थ बहुतेक ठिकाणी असा झाला की कार्यक्रम वरून ठरलेला आणि मुलांनी व पालकांनी त्यात उत्साहाने हजर राहायचे. शहरातले कलावंत दोन दिवसांची कार्यशाळा घेतात, मुले पोस्टर-रंगांनी हातांचे ठसे उमटवतात, छायाचित्रे निघतात. मुलांना आनंद होतो, आणि आनंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. फक्त तिसऱ्या दिवशी रंग संपलेले असतात आणि गावात ते कोठे मिळत नाहीत. बोर्डीच्या शिंपल्याची आठवण येथे होते.

आजची स्थिती कायद्याच्या भाषेत अशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांना, तोही पट शंभराच्या वर असेल तर. पाचवीपर्यंतच्या दोनशिक्षकी शाळेला तो मिळण्याचा प्रश्नच नाही. बालभारतीने ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र आणले. हेतू चांगला, पण जेथे दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात तेथे तीन विषय एका पुस्तकात आल्यावर त्यांपैकी कोणता गळतो हे शाळेत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी कलाशिक्षणावर जो स्वतंत्र निबंध तयार झाला त्यात स्थानिक कलावंत आणि कारागीर यांना शाळेत आणण्याची सूचना आहे. सुकुमारीदेवींना कलाभवनात बसवणाऱ्यांनी हेच केले होते. अशा पाहुण्याला मानधन कोणत्या शीर्षाखाली द्यायचे हे मुख्याध्यापकाला माहीत नसते, आणि कुंभारवाड्यातल्या म्हातारीला ‘सर’ म्हणणाऱ्या मुलांसमोर उभे करायचे तर तिच्या शेजारी शिक्षकाने खाली बसायला हवे. पहिली अडचण एका शासननिर्णयाने सुटू शकते.

दरम्यान श्रावण अमावास्येला शाळेला पोळ्याची सुट्टी असते. ओढ्याकाठची काळी माती घरी येते, शिंगांना काडी लावायची की मातीचीच काढायची यावर भावंडांत भांडण होते, थोरली बहीण वशिंड जमवून देते, आणि संध्याकाळपर्यंत जोडी पाटावर उभी राहते. दुसऱ्या दिवशी शाळा भरते आणि फळ्यावर विषय लिहिला जातो, स्मरणचित्र : पोळा.